स्काय बघायला मित्र लागतो

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं स्काय बेट एका दिवसात बघून होतं, असं मानणाऱ्या माणसांची जात मोठी आशावादी असते. ही माणसं भल्या सकाळी इन्व्हर्नेसहून गाडी काढतात, रात्री परत येतात आणि मधल्या वेळात निदान तीनदा एकमेकांशी अबोला धरतात. जाताना दोघं जिवाभावाचे मित्र असतात. येताना एक जण गाडी चालवत असतो आणि दुसरा खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे इतक्या एकाग्रतेने बघत असतो, की जणू विमानाचं तिकीट त्याने मेंढ्यांसाठीच काढलं होतं. यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की स्कायला मित्राबरोबर जाऊच नये. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. एका दिवसात स्काय बघायचं असेल तर मित्र न्यायलाच हवा. त्या दिवसात बेट दिसेल याची हमी कोणी देत नाही. मित्र मात्र हमखास दिसतो, आणि सगळ्या बाजूंनी दिसतो. वीस वर्षं एका बाकावर बसून, एकमेकांच्या लग्नात वाढपं करून जे कळलं नाही, ते स्कायच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांत कळतं. विधान धाडसी आहे, पण पुरावे भरपूर आहेत. त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा तर अडीचशे वर्षं जुना आहे. तो यथावकाश सादर करतो.

आधी हिशेब पाहू. स्कायचं क्षेत्रफळ सोळाशे चौरस किलोमीटरहून जास्त, लांबी सुमारे ८० किलोमीटर. समुद्र सगळीकडून इतका आत घुसलेला, की बेटावरचं कोणतंही ठिकाण किनाऱ्यापासून आठेक किलोमीटरपेक्षा लांब नाही. हे वाक्य माहितीपत्रकात फार गोड वाटतं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की समोर दिसणाऱ्या घरापर्यंत पोचायला आधी अख्ख्या खाडीला वळसा घालावा लागतो. अशा बेटासाठी जो कार्यक्रम आखला जातो त्यात साधारण दहा ठिकाणं असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. हा कार्यक्रम आखणारा मित्र म्हणजे यादीवाला. दुसरा, ज्याने आखणीच्या वेळी ‘तू ठरव रे, मला काहीही चालेल’ असं म्हटलेलं असतं, तो रमणारा. सृष्टीचा नियमच असा, की दोन यादीवाले एका गाडीत कधी येत नाहीत आणि दोन रमणारे घरातून निघतच नाहीत. त्यामुळे स्कायच्या रस्त्यावरच्या प्रत्येक भाड्याच्या गाडीत एक यादीवाला आणि एक रमणारा असतो, आणि ‘मला काहीही चालेल’ या वाक्यातलं ‘काहीही’ किती लहान असतं, हे पहिल्याला दुपारच्या आत कळतं.

या शोधाची सुरुवात बेटावर पाऊल पडण्याआधीच होते. पुलाच्या थोडं अलीकडे, मुख्य भूमीवर, आयलिन डोनन नावाचा पाण्यातला किल्ला लागतो. ‘कुछ कुछ होता है’ या १९९८ च्या चित्रपटाच्या शीर्षकगीतात तो आहे. यादीत त्याच्यापुढे ‘दहा मिनिटं, गाडीतूनच’ असं लिहिलेलं असतं. पण ज्या पुलावर शाहरुख आणि काजोल वावरले त्या पुलावरून हात न पसरता परत येणं भारतीय माणसाला शक्य नाही. रमणारा हात पसरतो; वाऱ्याने टोपी उडते; ती आणायला जावं लागतं; मग मघाचा फोटो तिरका आला असं लक्षात येतं. ‘अरे, हा किल्ला बेटावर नाहीये. आपण अजून स्कायला पोचलोच नाही!’ असं यादीवाला ओरडतो. त्यावर ‘पण हा बघण्यासारखा आहे ना?’ असा बिनतोड प्रतिप्रश्न येतो. किल्ल्याचं प्राचीनत्व हाही वादाचा विषय होतो. मूळचा किल्ला १७१९ मध्ये सुरुंगाने उडवला गेला आणि आता उभी असलेली वास्तू बांधून पुरी झाली ती १९३२ मध्ये, म्हणजे लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं त्याच वर्षी. मंडळाच्या इमारतीपुढे हात पसरून फोटो कोणी काढत नाही, एवढाच काय तो फरक. पुढे १९९५ चा पूल लागतो. त्यावरचा टोल स्थानिकांनी आंदोलनं करून, कोर्टाच्या पायऱ्या चढून २००४ मध्ये बंद पाडला, हे कळल्यावर मराठी माणसाचा ऊर भरून येतो आणि दोघा मित्रांचं त्या दिवसातलं शेवटचं एकमत तिथे होतं.

पूल ओलांडला की रस्ते लागतात, आणि मैत्रीची खरी परीक्षा डोंगरांपेक्षा रस्त्यांवर होते. स्कायचे अनेक रस्ते एकपदरी आहेत, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांना मिळून एकच पट्टा. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता जरासा रुंद केलेला असतो; त्या जागेला पासिंग प्लेस म्हणतात. ती डावीकडे असेल तर आपण आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला आत शिरू द्यायचं, आणि तिथे गाडी लावून फोटो काढायला उतरायचं म्हणजे घोर पाप. नियम सोपा आहे, पण गाडी चालवतो एक आणि नियम पाठ असतो दुसऱ्याला. ‘थांब, थांब, तो येतोय!’ ‘दिसतोय मला.’ ‘मग थांबला का नाहीस?’ ‘कारण तो थांबलाय.’ ‘तो तू थांबशील म्हणून थांबलाय!’ मग दोन्ही गाड्या एकमेकींना दिवे दाखवतात, दोन्ही चालक उदारपणे हात हलवतात, दोन्ही गाड्या एकाच क्षणी निघतात आणि मधोमध येऊन उभ्या राहतात. मागे घ्यायची वेळ आली की शेजारी बसलेला खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे’ सुरू करतो. हा आवाज ऐकून पुण्यातल्या गल्लीत गाडी मागे येईल, पण इथे मागे मेंढी असते. स्कायच्या मेंढीला रस्त्याची कड आणि मध यांत फरक वाटत नाही. वाट देणाऱ्याला बोट उचलून आभार मानण्याची इथली सुंदर पद्धत आहे. संध्याकाळपर्यंत चालकाचा हात इतका सवयीचा होतो, की तो मेंढ्यांचेही आभार मानतो. मित्राचे मात्र मानत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढं सोसून शेवटी जे दृश्य दिसतं ते स्वर्गीय असतं. असेलही. प्रश्न ते दिसण्याचा आहे. ओल्ड मॅन ऑफ स्टॉर घ्या. सुमारे पन्नास मीटर उंचीचा हा एकांडा सुळका आहे. १९५५ मध्ये डॉन व्हिलन्स नावाचा गिर्यारोहक पहिल्यांदा त्याच्या माथ्यावर पोचला. आकाश स्वच्छ असलं तर हा सुळका पोर्ट्री गावाहून येणाऱ्या रस्त्यावरूनच दिसतो. म्हणजे दिसत असेल तर चढण्याची फारशी गरज नाही. पण त्या दिवशी तो दिसत नसतो, म्हणून जवळ जाऊन बघावं असं ठरतं. तासभर चढून गेल्यावर माणूस त्याच ढगाच्या आत पोचतो ज्याने सुळका झाकलेला असतो, आणि मग दुधाच्या पिशवीत शिरून दूध शोधल्यासारखी त्याची अवस्था होते. ‘इथेच कुठेतरी आहे,’ यादीवाला म्हणतो. ‘पाच मिनिटं थांबू, ढग हलतील,’ रमणारा म्हणतो. पाच मिनिटांनी ढग खरोखर हलतो आणि त्यामागचा ढग दिसू लागतो. त्या शुभ्र पोकळीत, दीड हातावर, ठसठशीतपणे दिसणारी वस्तू एकच असते: भिजलेला मित्र. नाकावरून पाणी ओघळतंय, रेनकोटची चेन अडकलीय, आणि तो म्हणतोय, ‘मी म्हटलं होतं, आधी नीस्ट पॉइंटला जाऊ.’ इतक्या बारकाईने मित्राकडे बघण्याचा योग सपाट प्रदेशात येत नाही.

दुसरा आक्षेप: पाऊस नसेल तर? तर्काने पाहू. स्कायवर वारा असतो किंवा नसतो. असला तर छत्री उलटी होते, गाडीचं दार हातातून सुटतं, आणि ‘काय?’ ‘काही नाही!’ ‘काय म्हणालास?’ याखेरीज संभाषण उरत नाही. किल्ट रॉकच्या नव्वद मीटरच्या कड्याशी जो कठडा आहे, त्याच्या पोकळ नळ्यांतून वारा शिरून बासरीसारखा सूर निघतो. शेजारी मेल्ट धबधबा पन्नास मीटरहून जास्त उंचीवरून थेट समुद्रात पडत असतो आणि दोघं मित्र कठड्याला कान लावून ‘हा आवाज येतोय कुठून’ यावर भांडत असतात. वारा नसला तर मिज येतात. मिज म्हणजे डोळ्यांत मावेल एवढा चावरा कीटक. मे ते सप्टेंबर, म्हणजे पर्यटकांचा आणि त्याचा हंगाम एकच. त्याला दमट, ढगाळ, शांत हवा आवडते. प्रवासवर्णनात जिला ‘निःस्तब्ध रमणीय संध्याकाळ’ म्हणतात ती नेमकी हीच. चावते फक्त मादी, असं शास्त्र सांगतं. पण हजारेक एकदम आल्यावर नर कोणता हे विचारण्याची सोय नसते. राहता राहिला लख्ख उन्हाचा, मंद वाऱ्याचा दिवस. असे दिवस असतात, आणि त्या दिवशी सगळं जग स्कायवर असतं. दहा हजारांच्या आसपास वस्तीचं हे बेट. २०१७ च्या उन्हाळ्यात इथे एवढी गर्दी झाली की राहण्याची सोय आधी केल्याशिवाय येऊ नका, असं सांगण्याची पाळी आली. म्हणजे पावसात सुळका ढगामागे, वाऱ्यात डोळे पाण्यामागे, शांत हवेत चेहरा जाळीमागे आणि उन्हात अख्खं बेट पार्किंग शोधणाऱ्या गाड्यांमागे. चारही परिस्थितींत विनाअडथळा दिसणारी गोष्ट म्हणजे शेजारच्या सीटवरचा मनुष्य.

बरं, दिसतो म्हणजे नुसता दिसत नाही, उलगडत जातो. स्लिगाखनच्या जुन्या दगडी पुलाखालच्या पाण्यात तोंड बुडवून सात सेकंद धरलं की कायमचं सौंदर्य लाभतं, अशी आख्यायिका आहे. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा यादीवाला तिथे ‘गंमत म्हणून’ ओणवा होतो आणि सात सेकंद प्रामाणिकपणे मोजतो. पाणी डोंगरातून आलेलं, त्यामुळे वर येणारा चेहरा जांभळा असतो. ‘काही फरक?’ ‘आहे. नाक सुजलंय.’ उलट, जगात कशाचीच घाई नसलेला रमणारा फेअरी पूल्सच्या पार्किंगमध्ये शेवटची जागा दिसताच एखाद्या जर्मन कुटुंबाच्या पुढे धावत जाऊन तिथे स्वतः उभा राहतो. क्विरांगचा डोंगर म्हणजे एक अवाढव्य भूस्खलन असून तो अजूनही हळूहळू सरकतोय. फ्लॉडिगॅरीजवळचा रस्ता त्यापायी पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. रमणाऱ्याचा चालण्याचा वेग साधारण तेवढाच, हे यादीवाल्याला तिथे पहिल्यांदा मोजून कळतं. उइगजवळच्या फेअरी ग्लेनमध्ये पर्यटक दगडांची वर्तुळं मांडतात आणि गावकरी ती वैतागून मोडतात. रमणारा तिथे नवं वर्तुळ मांडायला बसतो. आणि डनवेगनच्या किल्ल्यात मॅक्लाउड घराण्याचं एक जीर्ण रेशमी निशाण आहे. ते संकटकाळी तीनदाच फडकवायचं, दोनदा फडकवून झालंय, एक संधी शिल्लक आहे, अशी कथा आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिथे पोचणाऱ्या मित्रांच्या जोड्या बघून त्या घराण्याला ती तिसरी संधी वापरण्याचा मोह कसा होत नाही, याचं नवल वाटतं.

नीस्ट पॉइंट हे तर प्रयोगशाळाच. बेटाच्या पश्चिम टोकावर १९०९ चं दीपगृह आहे, पण गाडी जिथे लावतात तिथून ते दिसत नाही. मध्ये टेकाड येतं. दीपगृह बघायला निघालेला माणूस मोक्यावर पोचतो आणि विचारतो, ‘दीपगृह कुठाय?’ ‘मागे असेल.’ ‘कशाच्या मागे?’ मग पायऱ्या उतराव्या लागतात, खूप उतराव्या लागतात, आणि प्रत्येक उतरलेली पायरी चढायची आहे हे दोघांनाही माहीत असतं, पण सांगत कोणीच नाही. यात दिशांवरून वाद झाला तर होकायंत्र काढावं असा सल्ला कोणी देईल. या बेटावर तोही धोक्याचा: कुलिनच्या डोंगरातले काही खडक चुंबकीय आहेत आणि तिथे होकायंत्र भलतीकडेच उत्तर दाखवतं. जिथे उत्तर दिशाही ठाम नाही तिथे मित्राने ठाम असावं, ही अपेक्षा जास्त आहे. पोटाचं म्हणाल तर पोर्ट्रीच्या बंदरावरची रंगीत घरं पोस्टकार्डावर असतात तशीच सुरेख दिसतात, पण आत जेवायचं तर टेबल आधीपासून राखून ठेवलेलं लागतं. शेवटी बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला जातो. ‘कशाला आणतोस हे सगळं?’ असं सकाळी म्हणणारा त्यातल्या आठ खातो. नववी सीगल नेतो, आणि दोष डबा धरणाऱ्याला मिळतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: मग एकट्यानेच का जाऊ नये? एकट्याने गेल्यास रस्ता चुकतो, पण कोणी चुकवला हे सांगता येत नाही. ढग येतात, पण ‘तुझ्यामुळे उशीर झाला’ असं ढगाला म्हणता येत नाही. भिजलेल्या माणसाला कोरड्या मोज्यांपेक्षा जास्त गरज असते ती जबाबदार इसमाची. एकट्या प्रवाशाला सगळा दोष हवामानाला द्यावा लागतो, आणि स्कॉटिश हवामान इतकं निर्ढावलेलं आहे की त्याला दोष देण्यात काडीचं समाधान नाही. शिवाय एकटा माणूस कुठेही थांबू शकतो, कधीही निघू शकतो. त्याच्या स्वभावाला धक्काच लागत नाही. तो डोंगर बघतो, पाणी बघतो, घरी जातो, आणि आपण अत्यंत समजूतदार आहोत हा त्याचा गैरसमज कायम राहतो.

चौथा आक्षेप शहाण्या माणसांचा: एका दिवसाची घाई नको, सवडीने राहा, म्हणजे भांडणं होणार नाहीत. इथे तो अडीचशे वर्षांचा पुरावा कामी येतो. १७७३ साली इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन आणि त्याचा तरुण मित्र जेम्स बॉझवेल सवडीने, घोड्यांवरून आणि होड्यांतून स्काय आणि आसपासच्या बेटांवर हिंडले. स्कायच्या परिसरात ते साधारण महिनाभर होते. पण पहिली ठिणगी बेटावर पोचायच्या आदल्या संध्याकाळीच पडली. घाट उतरून ग्लेनेलगला येताना, सराईत सोय नीट व्हावी म्हणून बॉझवेल घोडा दामटत पुढे निघाला. त्रेसष्ट वर्षांच्या थकल्याभागल्या जॉन्सनने मागून अशी हाक मारली की त्याला परत यावं लागलं, आणि मग मला वाटेत टाकून गेलास म्हणून सडकून बोलणी खावी लागली. हेतू चांगला होता, हे बॉझवेलने परोपरीने सांगितलं. उपयोग झाला नाही. यादीवाला पुढे आणि दुसरा मागे, हे दृश्य तेव्हापासून चालत आलेलं आहे. त्या सराईत धड खायला नव्हतं. रात्री दोघं गवतावर झोपले, जॉन्सन कोट गुंडाळून आणि बॉझवेल गवतावर चादरी अंथरून, आणि या चादरींची नोंद जॉन्सनने पुस्तकात करून ठेवली. सकाळी समेट झाला. पुढे डनवेगनला १८ सप्टेंबरला जॉन्सनचा वाढदिवस आला. तो कोणाला कळू नये अशी त्याची इच्छा, आणि बॉझवेलने तो यजमानांना सांगून टाकला. म्हणजे सवड दिवसाची असो की महिन्याची, फरक फक्त भांडणांच्या संख्येत पडतो.

आता यातला निर्णायक भाग. परतल्यावर दोघांनी एकाच प्रवासावर दोन पुस्तकं लिहिली. जॉन्सनचं १७७५ मध्ये आलं. त्यात जमीन, शेती, घरं, रीतीभाती आहेत. बॉझवेलचं १७८५ मध्ये आलं. त्यात प्रामुख्याने जॉन्सन आहे. तो काय खातो, कशावर चिडतो, कसा बसतो, वादात कसा जिंकतो. बॉझवेल त्या डोंगरांतून फिरला आणि त्याने पाहिला तो मित्र. पुढे त्याच निरीक्षणाच्या जोरावर त्याने जॉन्सनचं चरित्र लिहिलं, जे इंग्रजीतल्या सर्वश्रेष्ठ चरित्रांत गणलं जातं. यादीत सुळके आणि धबधबे कितीही असोत, स्कायवरून घरी आणण्यासारखी माहिती मित्राविषयीचीच असते, हे यापेक्षा स्पष्ट कसं सिद्ध होणार? आणि अशी माहिती हाती असलेली माणसं एकमेकांना सोडत नाहीत; ते परवडतच नाही. म्हणूनच गाडीतला तो अबोला टिकत नाही. इन्व्हर्नेसला पोचेपर्यंत ‘पुढच्या वेळी दोन दिवस काढू’ असं एक जण म्हणतो आणि दुसरा ‘यादी मी करतो’ म्हणून त्याच्या आधीच मोबाइल उघडतो. आठवड्याभराने नातेवाइकांना फोटो दाखवले जातात. प्रत्येक फोटोत पुढे एक ओला रेनकोट आणि मागे निखळ पांढरेपणा. ‘हा स्टॉर,’ यादीवाला सांगतो. ‘छे, क्विरांग,’ रमणारा म्हणतो. मग काकू चष्मा वर करून विचारतात, ‘ते राहू दे, पण तुमचं त्या दिवशी भांडण झालं होतं का रे?’